सौ. सुगंधाबाई यांचा अभिप्राय

"वहिनींचं नाव आम्ही पक्कं केलंय, नानाजी. आता तुम्ही मोडता घालायचा नाही," असं गुणवंतराव म्हणाले तेव्हा मी वाचनालयाच्या पायरीवर उभा राहून चपला शोधत होतो. कार्यकारिणीची मंगळवारची सभा नुकतीच आटोपली होती. एक चप्पल पायात होती, दुसरी सापडत नव्हती. कसलं नाव, असं मी विचारलं. गुणवंतराव आमचे चिटणीस. जन्मभर वकिली केल्यामुळे साधी गोष्टही मुद्दे पाडून सांगायची त्यांना खोड होती. त्यांनी बोटं मोजत सांगितलं, की रविवारी वार्षिकोत्सव, चार वाजता महिलांची सभा. दर वर्षी कुणीतरी बाई बालसंगोपनावर बोलतात आणि बाकीच्या एकमेकींच्या साड्या पाहत बसतात. म्हणून यंदा इंदुताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सुचवलं की जिचे अभिप्राय अख्खं गाव वाचतं त्या सुगंधाबाईंनाच बोलवा. विषय 'माझे वाचन'. दहा मिनिटं बोलायचं आणि शेवटी आवडत्या पुस्तकातला एखादा उतारा वाचून दाखवायचा. "पत्रकं छापायला गेलीसुद्धा," ते म्हणाले. तिला सभेची सवय नाही, असं मी म्हणालो. सवय कुणाला असते, असं ते म्हणाले. मग मला दुसरी चप्पल सापडली आणि ती मी भलत्याच पायात घालायला गेलो.

सुगंधाला, माझ्या बायकोला, वाचता येत नाही. सिंदेवाहीजवळच्या ज्या खेड्यातून ती आली तिथे त्या काळी मुलींची शाळा नव्हती, आणि मुलांची होती तीही धान कापायच्या दिवसांत भरत नसे. असं असूनही गेली दोन वर्षं वाचनालयाच्या महिला विभागाच्या अभिप्राय-वहीत आठवड्याच्या आठवड्याला एक मजकूर उमटत होता आणि त्याखाली 'सौ. सुगंधाबाई नानाजी बोरकुटे' असं नाव असायचं. अक्षर माझं. जंगलखात्याच्या कचेरीत मी जे लिहितो त्याहून थोडं गोल, वेलांट्या लांबवलेलं. हे सगळं सुरू झालं ते महिला विभागामुळे. बायका वाचनालयात येऊन पुस्तकं निवडणार नाहीत, म्हणून त्यांची पुस्तकं दसरू शिपाई दर शनिवारी खाकी पिशवीतून घरोघर पोचवी, आणि पिशवीत तांबड्या कापडी पुठ्ठ्याची ती वहीही असे. कार्यकारिणीच्या सभासदांनी आपापल्या घरच्या मंडळींची नावं घालून सुरुवात करावी, असं ठरलं. मी सुगंधाचं नाव घातलं, आणि मागणीच्या चिठ्ठीवर पहिल्याच शनिवारी लिहिलं: रहस्यकथा, कोणतीही. त्या क्षणी मला जी हुशारी वाटली ती आठवली की आता कानशिलं तापतात. कारण मी स्वतः, चांद्याच्या कचेरीतला हेडक्लार्क, कार्यकारिणीत तिसऱ्या कपाटाच्या विरोधातला पुढारी होतो. तिसरं कपाट म्हणजे रहस्यकथा आणि रहस्यमय प्रणयकथा. त्याच मंगळवारी, चप्पल हरवण्यापूर्वी अर्धा तास, मी ठराव मांडला होता की त्या कपाटात यापुढे एकाही पुस्तकाची भर घालू नये. 'तरुण पिढी' हे शब्द मी तीनदा वापरले. आणि त्या कपाटातलं एकूण एक पुस्तक मी वाचून काढलेलं होतं.

रामाळा तलावाच्या कडेने घरी चाललो होतो. हवा थंड होती, धोब्यांनी वाळत घातलेली धोतरं उचलायला घेतली होती. माझ्या मनाची एक खोड आहे, तिला काही इलाज नाही: स्वतःवर काही गुदरलं की मी ते पुस्तकात घालून पाहतो. लेखकाने इथे काय केलं असतं? नायिकेला ऐनवेळी आजारी पाडलं असतं. किंवा सभेच्या आदल्या दिवशी निनावी पत्र आलं असतं. निनावी पत्रं रहस्यकथांत फार, आणि ती नेहमी अर्धवट जळालेली सापडतात. जळताना सगळा मजकूर जळतो, पण जी ओळ गुप्तहेराला पाहिजे ती नेमकी शाबूत राहते. या पुस्तकांबद्दल माझी मतं पक्की आहेत. खलनायकाने कारण नसताना हसू नये. नायिकेने एका पुस्तकात एकदाच बेशुद्ध पडावं, तेही खाली टेकायला काही असेल तर. आणि ज्यांनी जंगल पाहिलं नाही त्यांनी जंगलात खून करू नये. एका कादंबरीत आठ दिवस झाडीत पडलेल्या प्रेताच्या चेहऱ्यावर मंद स्मित होतं. आमच्या जंगलात आठ दिवसांत मुंग्या आणि कोल्हे चेहरा ठेवतील का, हा विचार लेखकाला शिवलाही नव्हता. दुसऱ्या एकीत नायिका ऐन फाल्गुनात सागाच्या रानातून चोरपावलांनी खुन्याच्या मागे जाते. फाल्गुनात सागाची वाळलेली पानं जमिनीवर वीतभर थर धरतात. पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, उंदीर गेला तरी दहा हातांवर कळतो. हा अभिप्राय मी वहीत लिहिला तेव्हा त्याच्या नकला झाल्या, असं दसरूने सांगितलं. कचेरीत तीस वर्षं टिपणं लिहिली, त्यातलं एकही कुणी मुद्दाम दुसऱ्यांदा वाचलं नसेल. वहीतल्या चार ओळींसाठी मात्र लोक शनिवारची वाट पाहतात, हे ऐकून मला जी गुदगुली होई ती मी कुणाला सांगू शकत नव्हतो. नाव बायकोचं होतं ना.

रहस्यमय प्रणयकथांवर माझा राग त्याहून जास्त. तिथे एक देखणा, अबोल पुरुष असतो, एक मोठं घर असतं, एक बंद खोली असते, आणि एक गोष्ट असते जी त्याने तिला पहिल्याच पानावर एका वाक्यात सांगितली असती तर उरलेली दोनशे पानं छापावी लागली नसती. पण तो सांगत नाही. ती संशय घेते, झुरते, दाराला कान लावते, दिवा विझतो, आणि शेवटी कळतं की बंद खोलीत त्याची वेडी बहीण होती किंवा बापाचं कर्ज होतं किंवा असंच काहीतरी फुसकं. मी प्रत्येक वेळी पुस्तक मिटून म्हणतो, अरे गाढवा, सांगायचं होतंस. म्हणतो आणि गप्प होतो. कारण माझ्याजवळही एक वाक्य आहे. चौदा वर्षं झाली, ते मी तिला सांगितलेलं नाही.

चव्वेचाळीस साली मी आलापल्लीकडच्या एका लाकूड-डेपोवर कारकून होतो. डेपो म्हणजे मोकळ्या मैदानात रचलेल्या सागाच्या लाकडांच्या थप्प्या, एक कचेरी, आमचं कौलारू घर आणि चार-दोन मजुरांच्या झोपड्या. आम्हांला मुलगी होती, चंदा, अकरा महिन्यांची. आश्विनात तिला ताप आला. पहिल्या दिवशी नुसतं अंग गरम, दुसऱ्या दिवशी डोळे फिरवले, आणि अहेरीहून डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आता काय सांगू, असं तो अंगणात उभ्या उभ्या म्हणाला, आणि गेला. महिन्याभराने अहेरीच्या बाजारात तोच डॉक्टर मला भेटला. त्याने माझा हात धरून सांगितलं, "तो मेंदूत चढणारा हिवताप. लहान मुलाला दोन दिवस देत नाही. मी दारात बसलो असतो तरी काही करू शकलो नसतो." हेच ते वाक्य. घरी परत येताना मी ठरवलं की सुगंधाला ते सांगायचं. पण ती तेव्हा बोलतच नव्हती. स्वयंपाक करी, पाणी भरी, मजुरांच्यातली सोनीबाई येऊन तिच्याशेजारी बसे तेव्हा तिच्याबरोबर मुकाट्याने मोहाची वाळलेली फुलं निवडी. मेलेल्या पोरीचं नाव काढून तिची जखम कशाला उघडी करा, असं मला वाटलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता न सांगणं हीच घरची रीत झाली. ताप हा शब्दसुद्धा आम्ही उच्चारत नाही. कुणाचं अंग कोमट लागलं तर 'बरं नाई वाटत' असं म्हणतो.

घरातली ती शांतता मला सोसेना, म्हणून मी वाचायला लागलो. आधीचा रेंजर बदलून जाताना फडताळात दहा-बारा पुस्तकं टाकून गेला होता, पुठ्ठे गेलेली, वाळवीने कडा खाल्लेली, सगळी खुनांची. संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोठ्याने वाची. तिच्यासाठी नाही, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. ती चुलीपाशी असे. ऐकते की नाही कळत नसे. असं पंधरा-वीस दिवस चाललं. एका संध्याकाळी नायिका अंधाऱ्या तळघरात उतरत होती, आणि चुलीकडून आवाज आला, "हे बाई येडी हाय. कंदील काऊन नाई नेला?" मला आठवतं, मी पुस्तकाच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट उचललंच नाही. दीड महिन्यात ती पहिल्यांदा आपण होऊन बोलली होती. "नेला असता तं गोष्ट संपली असती ना," मी म्हणालो. "संपू द्याची होती," ती म्हणाली. त्यानंतर आमच्या घरी रोज वाचन झालं. डेपो सुटला, गडचिरोलीला बदली झाली, मग मूल या गावी, शेवटी चांदा. प्रत्येक गावी संध्याकाळी दिवा लागला की मी वाचायचं आणि तिने काम करता करता ऐकायचं. आम्ही दुसरं फारसं काही बोलत नाही. नवराबायको बोलतात ते सगळं आम्ही या पुस्तकांवरून बोलतो.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तीन दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कचेरीत राज्य बदलल्यापासून जुन्या छापील कागदांवरचं 'मध्यप्रदेश' खोडून 'मुंबई राज्य' लिहायचं काम अजून संपलं नव्हतं. मी खोडत बसलो आणि दोनदा आपलीच सही खोडली. जो तो मला विचारत होता, "वहिनी बोलणार म्हणे?" डॉक्टरांची बायको येणार होती, शाळेच्या मुख्याध्यापिका येणार होत्या, गुणवंतरावांच्या मंडळींनी तर सगळ्या पेठेला आवतण दिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येई: भरल्या सभेत कुणीतरी सुगंधाच्या हातात पुस्तक देतं आणि ती ते हातात धरून उभी आहे. ती पुस्तक कसं धरते ते मला माहीत होतं. घरात पुस्तक उचलून फडताळात ठेवायचं असलं की ती ते दोन्ही हातांनी धरते, ताट धरावं तसं. लोक हसतील, हे मला दिसत होतं, आणि हसणारे वाईट नसतील हेही दिसत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. पकडला जाण्याची भीती मला नव्हती असं नाही. हेडक्लार्क चोरून रहस्यकथा वाचतो, बायकोच्या नावावर, यावर गावाला महिनाभर पुरेल एवढं बोलता आलं असतं. पण ते मी गिळलं असतं. आपल्या लपण्यासाठी तिला पुढे केलं आणि आता तिलाच पुढे ढकललं जातंय, हे गिळवत नव्हतं. वाईट कादंबरीतला गुन्हेगार शेवटच्या प्रकरणात सगळ्यांसमोर तासभर कबुलीजबाब देतो. त्याला मी नेहमी नावं ठेवीत आलो. खरा माणूस तीन दिवस नुसता घुम्यासारखा जेवतो.

शनिवारी दुपारी दसरू पिशवी घेऊन आला, पाणी प्याला, वही ओसरीवर ठेवून पुढच्या घराकडे गेला. संध्याकाळी परत न्यायला येणार होता. सुगंधा अंगणात उन्हात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. आता बोललो नाही तर बोलणारच नाही, असं वाटलं, म्हणून एका दमात बोललो. "तुले एक सांगाचं हाय. वाचनालयाच्या वहीत मी तुह्या नावानं लिवत असतो. दोन वर्षं झाले."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. तांदूळ पाखडायचं थांबलं नाही.

"कोनं सांगतलं?"

"दसरूभाऊ सांगते ना. दर शनवारी म्हनते, बाई, तुमचं मत लोकायले लय पटलं."

"मंग तू बोलली काऊन नाई?"

तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की यात बोलण्यासारखं काय आहे हेच तिला कळत नसावं. "माया भावाले चिठ्ठी कोन लिवते? तुमीच ना? मी सांगतो, तुमी लिवता, खाली नाव मायं. हेही तसंच हाय म्हनलं." मी वही उघडली. सागाच्या पानांचा अभिप्राय काढून वाचला. "हे मीच म्हनलं होतं," ती म्हणाली, "आलापल्लीच्या पानाचं सांगतलं होतं तुमाले. तुमी म्हने, खरंच हाय." मी पुढचा वाचला, प्रेताच्या हसण्याचा. "हेही मीच." बेशुद्ध पडणाऱ्या नायिकेचा. "ते तं मी चुलीपाशी म्हनलं, आन तुमी हासले." मी पानं उलटत गेलो. प्रत्येक ठिकाणी मला ती जागा आठवू लागली, कुठे बसलो होतो, तिच्या हातात काय काम होतं, आणि तिने कोणत्या शब्दांत म्हटलं. मी फक्त ते पुस्तकी करून उतरवलं होतं. माझी म्हणून जी मतं राहिली ती दोनच. एकात लेखकाची भाषा ओघवती आहे असं लिहिलं होतं आणि दुसऱ्यात पुस्तकाची बांधणी बरी आहे असं. माणसाला आपली चोरी दोन वर्षं कळू नये, तिला मात्र ती चोरी वाटतही नसावी, असं कोणत्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं. लाज तर वाटलीच. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खालून काहीतरी मोकळं होऊ लागलं होतं.

"उद्या ते तुले पुस्तक देतीन आन वाच म्हनतीन," मी म्हणालो. "मी गुणवंतरावांले सांगतो, तुले ताप..." शब्द तोंडातून गेला आणि आम्ही दोघंही थांबलो. कोंबडी येऊन सांडलेले दाणे टिपू लागली.

"मले ताप नाई," सुगंधा म्हणाली आणि तिने सूप पुन्हा उचललं. "मी येतो उद्या. हिरवं लुगडं काढून ठेवा वरच्या पेटीतलं."

रविवारी सभागृहात बायका इतक्या आल्या की पुरुषांना बाहेरच्या ओसरीवर बसावं लागलं. दार उघडं होतं. मी खांबाला टेकून बसलो, तिथून मला तिच्या हिरव्या लुगड्याचा खांदा आणि इंदुताईंचा चष्मा एवढंच दिसत होतं. माझ्या शेजारी गुणवंतराव. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, कुणीतरी स्वागत केलं. मग इंदुताई म्हणाल्या, "सुगंधाबाईंचं बोलणं ऐकायला आपण सगळ्या आतुर आहोत. पण आधी त्यांच्याच आवडीच्या पुस्तकातला एक उतारा त्या वाचतील," आणि त्यांनी पुस्तक पुढे केलं, खूण घातलेलं. मी मान पुढे काढून पाहिलं, सुगंधाने ते दोन्ही हातांनी धरलं. उठून आत जावं, दिवा पडला, साप निघाला, काहीतरी ओरडावं, असं वाटत होतं आणि मी जागचा हललो नाही.

"मले वाचता नाई येत," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, घरात भात झाला सांगताना असतो तो. "हे वाचतेत, मी आयकतो. वहीत लिवलं ते मी बोलली, अक्षर आमच्या मालकाचं हाय. पुस्तक तुमीच धरा, बाई."

आत कुणीतरी हसलं, मग आणखी दोघी-तिघी. ओसरीवर सगळी डोकी माझ्याकडे वळली. पण ती थांबली नव्हती, त्यामुळे हसणं आपोआप बसलं. "लोक म्हनतेत, खुनाच्या गोष्टी चांगल्या नाई. मले आवडतेत. काऊन आवडतेत ते सांगतो. माई पोरगी मेली आलापल्लीकडे. अकरा महिन्याची होती. दोन दिवस आंग तापलं आन गेली. कायनं गेली ते कोनी सांगतलं नाई. डाक्टरले पुसलं, तो म्हने आता काय सांगू. यायले पुसाची हिंमत नाई झाली. आन लोक म्हने, देवाची मर्जी, सोड आता. या पुस्तकात कसं हाय, मानूस मेला का सारे धावतेत. कोनं मारलं, कायनं मारलं, कवा मारलं. दोनशे पानं पुसतच राह्यतेत. मंग शेवटी एक जन उभा राह्यते आन सारं सांगते. खोटं असन, मले मालूम हाय. पन मेलेल्या मानसासाठी कोनी इतकं पुसते, हे आयकून मले बरं वाटते. बस, इतकंच हाय मायं वाचन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत बांगड्या वाजल्या, नाक ओढल्याचे आवाज आले, एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "खरं बोलली माय." मग इंदुताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, उतारा मी वाचते, मत तुम्ही सांगा. त्या वाचू लागल्या. तिसऱ्या वाक्याला सुगंधा म्हणाली, "थांबा, हा नवकर बोलते कसा इतका शुद्ध?" आणि सगळं सभागृह हसलं, तिच्यासकट. गुणवंतराव माझ्याकडे वळले. "म्हणजे नानाजी, तिसरं कपाट तुम्ही..." "मी वाचतो," मी म्हणालो, "सगळं वाचलंय. ठराव मागे घेतो." ते काहीतरी मिस्कील बोलले असावेत, ओसरीवरचे लोक हसले, मीही हसलो. गाव महिनाभर बोलेल अशी जिची भीती होती ती गोष्ट दोन मिनिटांत होऊन गेली. मला मात्र आत ती एक ओळ ऐकू येत राहिली: यायले, म्हणजे मला, पुसाची हिंमत नाई झाली. चौदा वर्षं मी समजत होतो की तिला ऐकवणार नाही म्हणून मी सांगत नाही.

घरी जाताना ऊन उतरलं होतं. ती दोन पावलं मागे चालत होती, बायका चालतात तशी. तलावाच्या पाळीपाशी मी थांबलो, ती येईपर्यंत थांबलो, आणि म्हणालो, "डाक्टर मले महिन्यानं भेटला होता, अहेरीच्या बाजारात. तो म्हने, हिवताप होता, मेंदूत चढला. लहान लेकराले दोन दिवस देत नाई. तो दारात बसून असता तरी काई झालं नसतं." वाक्य संपलं. मला वाटत होतं तेवढं ते लांब नव्हतं.

तिने पाळीच्या कठड्यावर हात टेकले. मग म्हणाली, "नाल्यावर आंगोळ घातली होती, त्यानं नाई?"

"कोनती आंगोळ?"

"आंग तापाच्या आदल्या दिवशी. पानी गार होतं. लय रडली ती. मी म्हनलं, आता धुऊनच नेतो. सोनीबाई नको म्हने, मी आयकलं नाई." ती हे सांगत होती तेव्हा तिचे दोन्ही हात पाळ घट्ट धरून होते. चौदा वर्षं या बाईने शेकडो खुन्यांची कबुली माझ्या तोंडून ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी मनात आपलंच नाव घातलं होतं. मला ते आत्ता दिसलं.

"गार पान्यानं हिवताप होत नाई. तो मच्छरानं होते. खात्याचं पत्रक होतं त्याच्यावर, मी सोताच्या हातानं नकलून डेपोत लावलं होतं," मी म्हणालो. "तुह्यानं नाई झालं, सुगंधा. कोनाच्यानंच नाई झालं."

ती पाळीवर बसली. मीही बसलो, रस्त्यावर लोक येत-जात होते तरी. ती रडली, पण मोठ्याने नाही, आणि फार वेळ नाही. पदराने तोंड पुसून तिने एकदा खोल श्वास घेतला आणि सोडला. असा श्वास मी तिच्याकडून ऐकला नव्हता. "पयलेच सांगाचं होतं," ती म्हणाली. हो, मी म्हणालो. सबब सांगावीशी वाटली नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीला टेकलेत की नाही ते मी खाली पाहून घेतलं.

"चला," ती उठत म्हणाली. "मले भूक लागली."